रेतीवरची पहिली पट्टी

वर्धा नदी कोसंबघाटाजवळ कोपरात मुडपलेल्या हातासारखी वळते, आणि त्या कोपराच्या आत जे काही आहे ते सगळं तिनंच ठरवलेलं. वरच्या अंगाला काळी जमीन, म्हणून वर कुणबी आणि त्यांचा कापूस. काळी संपते तिथं मुरूम. मुरमात पीक येत नाही पण घर खचत नाही, म्हणून गावठाण मुरमावर. मुरमाखाली काठ, काठावर अर्जुनाच्या जुन्या झाडांची रांग, आणि त्या रांगेच्या आडोशाला भोयांची घरं. त्याला भोईपुरा म्हणत. भोईपुऱ्यासमोर, दसऱ्यानंतर पाणी उतरलं की नदीच्या पोटातून रेतीचं बेट वर येई. पावसाळाभर भोई मासे मारत, लोकांना डोंग्यातून पलीकडे अमरावतीच्या बाजूला उतरवत, आणि हिवाळा लागला की त्या बेटावर डांगरवाडी लावत. टरबूज, खरबूज, काकडी. आर्वीच्या बाजारात कोसंबघाटचं टरबूज म्हटलं की गिऱ्हाईक टिचकी न मारताच उचलायचं.

काळीचे मालक होते मालगुजार मधुकरराव देशमुख. कागदावर रेतीही त्यांचीच होती, पण कागदावर नाव असणं वेगळं आणि हुकूम चालणं वेगळं. जी जमीन गेल्या वर्षी होती तिथं यंदा नसते, तिच्यावर हुकूम कोण चालवणार? देशमुखांच्या तीन पिढ्यांनी उन्हाळ्यात गाडीभर टरबुजं घेतली आणि रेतीचा कारभार भोयांवर सोडला.

भोयांचा कारभार टाचेवर चाले. दिवाळी झाली की सगळे बेटावर जमत. त्यांचा म्होरक्या अनवाणी पायानं उलटा चालत जाई आणि उजवी टाच रेतीत रुतवून रेघ ओढी. दोन रेघांच्या मधली पट्टी एका घराची. त्यातली पहिली पट्टी, म्हणजे सगळ्यात चांगली, ज्याचं त्या साली नदीनं काही नेलं असेल त्याची. मग तो भोई असो, कुणबी असो, नाहीतर खुद्द मालगुजार. अट एकच होती. त्यानं घोटाभर पाण्यात उभं राहायचं, ओल्या रेतीची मूठ धरायची आणि नदीनं आपलं काय नेलं ते सगळ्यांसमोर बोलायचं. कोणी म्हणे, माहा बैल. कोणी म्हणे, माही काठची तूर. मग म्होरक्या म्हणे, "नदीनं नेलं." मागून सगळे म्हणत, "नदीनं नेलं." मूठ सोडायची. रेती पाण्यात गेली की त्या गोष्टीवर गावात पुन्हा बोलणं नाही, भांडण नाही, कोणाचं नाव नाही.

शहाण्या माणसांनी घातलेला रिवाज होता. नदीकाठी राहायचं तर दर नुकसानीला चोर शोधत बसून चालत नाही. पण चांगल्या रिवाजाचं असं असतं, की त्याच्या पांघरुणाखाली चोरही तितक्याच सुखानं झोपतो.

म्होरक्या होता रामाजी. त्याला एकच लेक, तानाबाई. म्हणून श्रावण नावाचा गरीब स्वभावाचा मुलगा बघून त्यानं घरजावई करून घेतला होता. रामाजीचे गुडघे धरले तेव्हापासून त्याच्या वतीनं रेघ तानाबाईच ओढू लागली. बाईच्या टाचेनं वाटणी होणार काय, म्हणून दोन-चार मिशा हलल्या. पण तिच्या पट्ट्यांवरून एकदाही तंटा झाला नाही, आणि मिशा आपोआप बसल्या. तिला एक मुलगी होती, चंद्री. श्रावण बायकोला नावानं हाक मारत नसे. "चंद्रीच्या माय" म्हणे, आणि म्हणताना उगीचच हसे.

एकावन्न साली मालगुजारी गेली. काठ, झाडं, पडीक सगळं सरकारजमा होणार, स्वतः कसतो ती शेती तेवढी राहणार, हे मधुकररावांना आधीच कळलं होतं. हातात एक हिवाळा होता. जे आपलं राहणार नाही ते दुसऱ्याला उभं का मिळावं, असा त्यांनी विचार केला आणि काठावरची अर्जुनाची रांग एका लाकूड ठेकेदाराला विकून टाकली. रामाजी दुखरे गुडघे घेऊन त्यांच्या ओसरीवर गेला.

"मालक, ही झाडं नोहेत. आमच्या घराची भीत हाये ही. मुळं हायेत म्हणून काठ हाये."

"रामाजी," मधुकरराव म्हणाले, "ती माह्या बापानं लावली नाई अन् तुह्या बापानंबी नाई. मंग तुले काऊन एवढी पंचाईत?"

कुंपणानंच शेत खाल्लं तर सांगायचं कोणाला? झाडं गेली. ठेकेदार एवढा नेकीचा, की त्यानं बुंध्यांखालची मुळंसुद्धा जळणासाठी खणून नेली. काठावर दात पडलेल्या हिरड्यांसारखे खड्डे राहिले.

त्या भादव्यात पूर आला. तसा तो दरसाल येई, यंदा जरा मोठा होता इतकंच. भरदुपार होती. चंद्री तापानं फणफणली होती, तिला घरात निजवून तानाबाई सुंठ मागायला वर गावठाणात गेली. श्रावण डोंगा घेऊन पलीकडे अडकलेली माणसं आणत होता. रामाजी देवळात बसलेला. पाणी घरांपर्यंत आलंच नाही. त्यानं खालून काठ पोखरला, आणि भाकरीचा तुकडा मोडावा तसा भोईपुऱ्याचा खालचा अर्धा भाग मोडून नदीत गेला. बाकीच्या घरांतली माणसं आरडाओरडा ऐकून निसटली. तापातलं पोर कशाला उठतं? तानाबाई सुंठ घेऊन आली तेव्हा वाट होती, पण वाटेच्या टोकाला घर नव्हतं. पुरायलासुद्धा काही हाती लागलं नाही.

दिवाळीनंतर रिवाजाप्रमाणे सगळे बेटावर जमले. मालगुजारी गेली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मधुकरराव खुर्ची टाकून छत्रीखाली बसले होते. श्रावण पाण्यात उतरला. त्यानं रेतीची मूठ धरली आणि म्हणाला, "माही पोरगी. चंद्री."

रामाजीनं नातीचं नाव ऐकलं. पण म्होरक्याला बोलावं लागतं. "नदीनं नेलं," तो म्हणाला.

लोकांनी तोंड उघडायच्या आत तानाबाई ओरडली, "नदीनं नाई नेलं! त्या मधुकररावानं नेलं! त्याच्या कुऱ्हाडीनं नेलं!"

मधुकरराव चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते चिडले नाहीत. लहान मुलाची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "ताने, दुःखात माणूस काईबी बोलते. म्या मनावर नाई घेत. नदीनं नेलं म्हण अन् पट्टी घे."

रामाजीनं लेकीकडे पाहिलं. बाप म्हणून त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि म्होरक्या म्हणून तो नाही म्हणत होता. "माणसाचं नाव घेतलं का पट्टी नाई, ताने. आपला रिवाज हाये. नाव मांगं घे."

"मंग नको मले पट्टी."

आणि त्या वर्षीची पहिली पट्टी कोणाला गेली? मधुकररावांना. त्यांची कडब्याची एक गंजी पुरात गेली होती. ते पाण्यात उतरले, मूठ धरून म्हणाले, "माही कडब्याची गंजी," आणि सगळ्या भोयांनी, ज्यांची निम्मी घरं गेली होती त्या भोयांनी, मान खाली घालून म्हटलं, "नदीनं नेलं." कडब्याला जबाब मिळाला, पोरीला मिळाला नाही. तानाबाईनं स्वतःच्या टाचेनं त्यांची पट्टी आखून दिली. रेघ ओढताना तिनं मनाशी जे ठरवलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

भोयांना गावठाणामागच्या खडकाळ माळावर सरकारनं जागा दिली. तिथून नदी दिसतही नव्हती. बदक झाडावर बसवावं तशी ती माणसं तिथं राहू लागली. मधुकररावांचं मात्र बरं चाललं होतं. कोपराच्या खालच्या टोकाला त्यांची घरची जमीन होती, ती सरकारजमा झाली नव्हती. तिथं त्यांनी संत्र्याची कलमं लावली, विहीर बांधली, विहिरीवर ऑइल इंजन बसवलं. नदीचं पाणी जवळ, म्हणून विहिरीला पाणी. नदीचा गाळ जुना, म्हणून मातीला कस. नदीनं त्यांनाही भरभरून दिलं होतं. ते म्हणत, आपल्या अकलेनं झालं.

डांगरवाडीचा एक नेम होता. रेती वाऱ्यानं उडू नये आणि जनावरं शिरू नयेत म्हणून प्रत्येक पट्टीभोवती पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचं, कुंपण असे, बाभळीचे खुंट ठोकून बांधलेलं. मृग लागायच्या आत ज्याचं त्यानं कुंपण मुळापासून उपटायचं. एक खुंट मागं ठेवायचा नाही. नदीला बांधू नये, असं म्हातारे म्हणत. कारण खुंटाला काडी अडते, काडीला गाळ, गाळाला रेती. बेट एकीकडे फुगलं की धार दुसरीकडे वळते आणि तिकडचा काठ खाते. एकाचं भरलं की दुसऱ्याचं जातं. हे भोयांचं पोरगंसुद्धा जाणत होतं, म्हणून तो नेम कधी कोणी मोडला नव्हता.

पुढल्या वाटणीला तानाबाईनं आपल्यासाठी बेटाचा शेंडा मागून घेतला. शेंडा म्हणजे धारेच्या तोंडावरची गोट्यांची जागा, तिथं वेल धरत नाही. लोक म्हणाले, दुःखानं बाई वेडी झाली. तिथून सरळ समोर जुन्या भोईपुऱ्याची जागा दिसे, म्हणून तिनं ती घेतली असेल, असं म्हणून ते हळहळले. तिनं हळहळू दिलं.

मृगाच्या तोंडाशी सगळ्यांनी कुंपणं उपटली. तानाबाईनं वरची पऱ्हाटी काढून जाळली, सगळ्यांना धूर दिसला. खुंट मात्र तिनं उपटले नाहीत. दगडानं ठोकून रेतीच्या आत घातले, आणि मधे मधे नदीतल्या झाऊच्या फांद्या रोवल्या. झाऊ मोठं चिवट झुडूप. पुरात झोपतं, पूर गेला की उठून बसतं.

दुसऱ्या वर्षी श्रावणच्या ते लक्षात आलं. माणूस गरीब असला तरी भोई होता. तो मुकाट्यानं वाकला आणि एक खुंट हलवू लागला. तानाबाईनं त्याचा हात धरला.

"पाप हाये हे," तो म्हणाला. "नदी बांधून राह्यली तू."

"तुमी पान्यात उभं राहून नदीनं नेलं म्हनवून घेत होते. तुमचं तुमी बोलले. माहं मले बोलू द्या."

"मंग कोनाले सांगून तरी..."

"कोनाले सांगू? माह्या बापानं आयकलं नाई, तुमी आयकलं नाई. आता नदी आयकते."

श्रावणनं हात सोडवून घेतला आणि तो पाण्याच्या कडेकडेनं निघून गेला. त्या पुरापासून त्यानं तिला चंद्रीच्या माय म्हणणं सोडलं होतं. कोणत्याच नावानं हाक मारत नव्हता. पण पुढच्या आठवड्यात माळावरच्या झोपडीच्या दाराशी बाभळीचे नवे खुंट पडलेले दिसले, टोकं करून, नीट भाजून. कोणी केले ते तिनं विचारलं नाही.

बेटाचा शेंडा फुगू लागला. पहिल्यांदा हातभर, मग पुरुषभर लांब. जुन्या भोईपुऱ्यापुढची धार मंद झाली, तिथं गाळ बसायला लागला. आणि खाली, कोपराच्या टोकाला, मधुकररावांच्या बागेचा काठ दर पावसाळ्यात थोडा थोडा ढासळू लागला. एका साली बांध गेला. दुसऱ्या साली कलमांची एक ओळ. गावात कोणी म्हणालं, नदी फिरली. नदी फिरते, त्यात काय? तानाबाई रात्रंदिवस ते काठाचं ढासळणं मनात चघळत असे. भाकरी गोड लागायची नाही, पण मातीचं ढेकूळ पाण्यात पडल्याचा आवाज तिला गोड लागे. खोटं कशाला बोलावं? तो आवाज ऐकायला ती मुद्दाम त्या वाटेनं जाई.

रामाजी अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं तिला जवळ बोलावलं. त्याचे गुडघे गेले होते, डोळे गेले नव्हते.

"ताने, शेंड्यावर झाऊ आपल्यानं उगवत नसते."

तिनं त्याचं पांघरूण सारखं केलं.

"म्या त्या दिवशी तुले नाई म्हटलं," म्हातारा म्हणाला. "म्होरक्या होतो. म्हनून आता काई म्हनत नाई. पन खुंट काढून घेजो, पोरी. नदी कोनाची होत नसते."

"काढीन, बाबा."

म्हाताऱ्याला ते खोटं आहे हे कळलं असावं. त्यानं तिच्या डोक्यावरचा हात मात्र काढला नाही. तो गेल्यावर टाच रीतसर तानाबाईकडे आली. बाई म्होरकी झाली, आणि या वेळी एकही मिशी हलली नाही.

पुढच्या वर्षी हा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्याला जोडला गेला. नदीला त्याचं काही नव्हतं. मधुकररावांनी काठाला दगड टाकले, रेतीची पोती रचली. पोती गेली, दगड गेले. तेव्हा त्यांच्या घरच्यांनी म्हटलं, नदीची ओटी भरा, आणि ती भोयांच्या म्होरकीच्या हातून भरा. बोलावणं आलं तसं तानाबाई गेली. त्यांच्याच बागेच्या काठावर उभी राहून त्यांनीच दिलेले खण-नारळ तिनं नदीत सोडले. मधुकरराव मागं हात जोडून उभे होते.

"ताने, काय मांगतलं नदीले?" त्यांनी विचारलं.

"जे तुमच्या बागेच्या नशिबात असन ते," ती म्हणाली. आणि त्यांनी तिला पानसुपारी दिली.

अठ्ठावन्न सालच्या भादव्यात नदी आली. बाग तेव्हा पहिल्यांदा पुरती लदलेली होती, हिरव्या संत्र्यांच्या भारानं फांद्यांना टेकू दिलेले. पूर फार मोठाही नव्हता. पण धार आता पुरती तिकडे वळली होती, आणि बेटाचा शेंडा तिला परत येऊ देत नव्हता. सकाळी विहिरीची एक बाजू गेली. दुपारी इंजनाची खोली इंजनासकट बसली. संध्याकाळपर्यंत बागेच्या जागी पाणी होतं.

पाणी उतरल्यावर तानाबाई बेटाच्या कडेला गेली. रेतीत ठिकठिकाणी हिरवी संत्री अडकली होती. तिनं एक उचललं आणि सालीसकट खाल्लं. आंबट, कडू, तोंड वेडंवाकडं करणारं. तिनं ते शेवटपर्यंत खाल्लं, बिया थुंकल्या, आणि दुसरं उचललं. मग मात्र ती तिथंच बसली. पोट भरल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. काहीतरी राहून गेलं होतं, आणि काय ते तिला कळत नव्हतं.

ते दिवाळीनंतर कळलं.

नदीनं जे तिकडून नेलं ते इकडे टाकलं होतं. जुन्या भोईपुऱ्याच्या जागी काळ्या मळईचा जाड थर बसला होता. घरं बांधावीत, वाड्या लावाव्यात, अशी उंच आणि घट्ट जमीन. माळावरच्या भोयांना तिची स्वप्नं पडत होती. म्हातारे संध्याकाळी तिथं जाऊन नुसते बसत. पण ती जमीन बेटाला चिकटून होती, म्हणजे वाटणीत येणार होती, आणि पहिली पट्टी तिथूनच सुरू होणार होती. तहसिलीत आता रेतीचीही वहिवाट लावत. यंदा ज्याची पट्टी, पुढं त्याचं नाव.

वाटणीच्या दिवशी मधुकरराव आले. छत्री नव्हती, खुर्ची नव्हती. त्यांनी जोडे काढले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि घोटाभर पाण्यात उतरले. वय झालं होतं, पाय थंडीनं थरथरत होते. काही बायकांना दया आली. मधुकररावांनी वाकून रेतीची मूठ धरली.

"माही बाग," ते म्हणाले. "विहीर. इंजन. सारं."

सगळ्यांनी तानाबाईकडे पाहिलं. तिनं फक्त "नदीनं नेलं" म्हणायचं होतं. मग त्या मुठीतल्या रेतीबरोबर खुंट, झाऊ, सगळंच पाण्यात जाणार होतं, आणि तिचं पाप कोणाला कधी कळणार नव्हतं. मग तिनं मागं वळून टाचेनं रेघ ओढायची होती, चंद्रीला निजवलं होतं त्या जागेवरून, आणि ती जागा या माणसाला द्यायची होती. तो पुन्हा कलमं लावणार होता. आणि मरेपर्यंत सांगत फिरणार होता, की नदीनं नेलं, नदीनं दिलं.

तेव्हा तिला कळलं, काय राहून गेलं होतं. ज्याचं नेलं त्याला कोणी नेलं हेच माहीत नसेल, तर तो सूड कसला? तो नुसता पूर.

"नदीनं नाई नेलं," तानाबाई म्हणाली.

मधुकररावांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. "काय म्हटलं?"

"म्या नेलं."

ती सावकाश बोलत होती, प्रत्येकाला ऐकू जावं म्हणून. "बेटाच्या शेंड्यावर दरसाल म्या खुंट ठेवले. उपटले नाई. झाऊ लावला. नदी म्या बांधली अन् तुह्या दारी सोडली. तू माह्या हातानं ओटी भरली न, तवा मी तिले तुही बागच मांगतली."

आजवर ती त्यांना तुमी म्हणत आली होती. भोयांमध्ये कुजबुज उठली. एक म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला, "अव ताने, हे काय बोलून राह्यली? नदी बांधली तू?"

मधुकररावांचं तोंड लाल झालं. "पोलिसात देतो तुले! खडी फोडाले धाडतो!"

"दे ना. रिपोट लिव्हजो, का भोयाच्या बाईनं कुंपन उपटलं नाई म्हनून नदी आली. मीबी लिव्हते, का देशमुखानं झाडं तोडली म्हनून आली. दोनी एकाच कागदावर लिव्हू."

कोणीतरी मागं फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"माणसाचं नाव आलं का पट्टी नाई," ती पुढं म्हणाली. "माह्या बापानं मले सांगतलं होतं, ह्याच जागी. तू खुर्चीत बसला होता. आता नाव आलं. माहं. तुले पट्टी नाई. अन् ज्यानं नदी बांधली त्यानं रेघ ओढू नये, हेबी खरं. माही टाच आजपासून बंद. कोनीबी रेघ ओढा."

तिनं इकडेतिकडे पाहिलं. आपल्या माणसांच्या डोळ्यांत काय दिसेल याची तिला पहिल्यांदाच भीती वाटली. सगळे खाली बघत होते. मग गर्दीतून श्रावण पुढं आला आणि तिच्या शेजारी पाण्यात उभा राहिला.

"चंद्रीच्या माय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांनी ऐकलेल्या त्या हाकेनं तिचा धीर सुटला, तिला तोंडाला पदर लावावा लागला.

"एकटीचं नाव नोको घेऊ," श्रावण म्हणाला. मग लोकांकडे वळला. "खुंटाले टोकं म्या करून देल्ली. आमी दोघायनं नेलं."

तानाबाईनं डोळे पुसले. ती वाकली. तिनं ओल्या रेतीची मूठ धरली आणि ती मधुकररावांसमोर केली. त्यांची स्वतःची मूठही अजून मिटलेलीच होती, सोडायची की नाही हे त्यांना उमगत नव्हतं.

"आता माही पाळी," ती म्हणाली. "माही चंद्री. तापानं फनफनली होती. मी सुंठ आनाले गेली होती." तिनं मूठ आणखी पुढं केली. "तुहं कोनं नेलं ते म्या सांगतलं. आता माहं तू सांग. कोनं नेली?"

मधुकररावांनी तिच्याकडे पाहिलं, श्रावणकडे पाहिलं, जिथं एकेकाळी अर्जुनाची रांग होती त्या उघड्या काठाकडे पाहिलं. त्यांचे ओठ दोनदा हलले. सगळा भोईपुरा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. एक शब्द होता, आणि तो त्यांना माहीत होता. पण जन्मभर ज्या शब्दाखाली ते सुखानं झोपले होते तोच शेवटी तोंडात आला.

"नदीनं नेलं," मधुकरराव म्हणाले.

आणि सवयीनं थांबले, मागून आवाज येईल म्हणून. मागून कोणीच बोललं नाही.